उसवलेली गादी : नैसर्गिक तंतूंच्या अंथरूण-पांघरुणाची निवड आणि निगा

गादीच्या व्यवसायात मुरलेल्या कारागिराजवळ जे ज्ञान असते, त्याचा मोठा भाग जुन्या गाद्या उसवता उसवता गोळा झालेला असतो. नवी गादी कोणत्याही दर्जाच्या रुईची असली, तरी पहिल्या दिवशी गुबगुबीतच दिसते. ती कशाने भरली होती, कोणत्या जागी पडून होती, तिला वर्षातून किती वेळा ऊन मिळाले आणि घरात अंथरूण ओले करणारे लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस होते काय, हे सारे शिवणीचा दोरा कापून आतली रुई जमिनीवर पसरली म्हणजेच कळते. कापूस, सावर आणि काथ्या हे वनस्पतींपासून मिळणारे, तर लोकर हा प्राण्यापासून मिळणारा तंतू. अशा नैसर्गिक तंतूंचे अंथरूण-पांघरूण निवडताना खरेदीच्या क्षणाऐवजी या उसवण्याच्या क्षणापासून मागे पाहत गेले, तर निवडीचे बरेचसे निकष आपोआप हाती लागतात, असे या कामातला अनुभव सांगतो.

तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा एकेरी गादीत साधारण ८ ते १० किलो रुई मावते, आणि आठ-दहा वर्षे वापरून ती दुकानात येते तेव्हा तिची जाडी मूळच्या निम्म्यावर आलेली असते. गादीपाट, म्हणजे गादीच्या खोळीसाठी मुद्दाम घट्ट विणलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापड, आखूड बाजूने उसवून आत हात घातला की सुटी रुई हाताला लागतच नाही. एकावर एक बसलेले जाड पापुद्रे लागतात. कमरेखालच्या भागात या पापुद्र्यांचे गोळे झालेले असतात, कडेची रुई मात्र जवळजवळ भरली तशीच राहिलेली असते. उशाकडच्या रुईला डोक्याच्या तेलाने आणि घामाने पिवळी झाक आलेली असते, आणि जी बाजू वर्षानुवर्षे खालीच राहिली तिच्यावर बुरशीचे करडे ठिपके दिसतात. फाटल्या शिवणीतून आत गेलेल्या केसांच्या पिना, टाचण्या, बांगडीचे तुकडे आणि नाणी निघतात, ते निराळेच. ही वेचणी कंटाळवाणी असली तरी ती टाळता येत नाही, कारण रुई पिंजणाऱ्या, मोटरवर फिरणाऱ्या यंत्राच्या दात्यांत एखादा खिळा सापडला तर ठिणगी उडते, आणि मोकळी झालेली रुई पेट घ्यायला तेवढे पुरते. म्हणून अनुभवी माणूस आधी काठीने रुई झोडतो, मग बोटांनी चाचपतो, आणि त्यानंतरच यंत्र सुरू करतो.

रुई अशी का बसते याचे उत्तर तिच्या तंतूच्या घडणीत आहे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बियांच्या, सालीवर उगवलेली एकच लांब पेशी असते. बोंड फुटून ती वाळली की तिची पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पिळा घेते. या पिळ्यांमुळे तंतू एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत, त्यांच्या मध्ये हवा अडकते, आणि गादीचा मऊपणा व ऊब हा मुख्यतः त्या अडकलेल्या हवेचा गुण असतो. कापूस हा बहुतांशी सेल्युलोज या पाण्याशी सख्य असलेल्या पदार्थाचा बनलेला असल्याने ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. झोपलेल्या माणसाचा घाम टिपून घेण्याचा कापसाचा गुण येथूनच येतो, आणि त्याचा दोषही येथूनच सुरू होतो. कारण ओलसर तंतू शरीराच्या भाराखाली दाबले गेले आणि त्याच स्थितीत वाळले, तर पाणी शिंपडून इस्त्री केलेल्या सदऱ्याची घडी बसावी तसे ते दबलेल्या अवस्थेतच कायम होतात. उन्हात गादी फुगते ती साठलेले पाणी उडून गेल्याने आणि तंतूंना पुन्हा हलायला वाव मिळाल्याने. पण पापुद्रे एकदा घट्ट झाले की उन्हाचा उपाय अपुरा पडतो आणि रुई पिंजावी लागते.

पिंजणे म्हणजे दाबलेली रुई तंतू तंतू सुटा होईपर्यंत मोकळी करणे. हे काम परंपरेने करणाऱ्या कारागिरांना पिंजारी, नदाफ किंवा मन्सुरी म्हणून ओळखले जाते. त्यांचे जुने साधन म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि त्या तातीवर घाव घालण्यासाठी मुठीत धरायचा जड लाकडी ठोकळा. ठोक्यासरशी थरथरणारी तात रुईच्या ढिगात शिरते, तंतूंना न तोडता उडवते, आणि समोर हळूहळू ढग साचावा तशी मोकळी रुई जमते. या कामात ताकदीपेक्षा मनगटाच्या लयीला महत्त्व असते, कारण तात खोल गेली तर रुईत गुंतते आणि वरवर राहिली तर नुसता आवाज होतो. आज हे साधन क्वचितच वापरात दिसते. त्याची जागा खिळ्यांच्या किंवा दात्यांच्या फिरत्या दंडगोलाने घेतली आहे. हे यंत्र दिवसाचे काम तासावर आणते, मात्र दर खेपेस काही तंतू तोडते, आणि तुटलेले तंतू धुळीबरोबर निघून जातात. कमानीने पिंजलेली रुई अधिक टिकते हे खरे असले, तरी त्या श्रमांचे योग्य मोल देऊन गादी पिंजून घेणारे गिऱ्हाईक आता जवळजवळ उरलेले नाही, आणि यंत्र आले नसते तर ही दुकाने केव्हाच बंद पडली असती, हेही तितकेच खरे आहे. यंत्रावर पिंजून घेताना गिऱ्हाइकाने एवढे पाहावे की रुई त्याच्यासमोर आधी व नंतर तोलली जाते, आणि जी तूट येते तिच्याइतकी नवी भर कोणत्या रुईची घातली जाते.

रुईची निवड हा या व्यवसायातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि सामान्य समजुतींपैकी बऱ्याच येथे उलट्या ठरतात. सरकी काढून टाकलेला कापूस म्हणजे रुई. ती जितकी लांब आणि तलम तितकी चांगली, हा नियम सूतगिरणीसाठी बरोबर आहे, गादीसाठी नाही. तलम तंतू लवकर दबतो आणि आडवा होतो, तर आखूड व जाडसर तंतू दाबल्यावर पुन्हा उसळतो. त्यामुळे गादीला सर्वांत योग्य समजला जाई तो देशी कापूस, ज्याला वनस्पतिशास्त्रात गॉसिपियम आर्बोरियम म्हणतात. परंतु २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीला भारतात परवानगी मिळाल्यानंतर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील बहुतेक क्षेत्र गॉसिपियम हिर्सुटम या अमेरिकन जातीच्या संकरित वाणांनी व्यापले, आणि देशी रुई गादीवाल्याला मागूनही सहजी मिळेनाशी झाली. आजच्या गाद्यांत जे भरले जाते ते बहुधा या संकरित कापसाच्या शेवटच्या वेचणीचे असते, किंवा फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात उभ्या ठेवलेल्या पिकाचे. काही वेळा कवडीही येते, म्हणजे किडीने वा पावसाने बिघडलेल्या, नीट न उमललेल्या बोंडांचा डागाळलेला कापूस. कवडीतले तंतू अपक्व असतात. त्यांच्या भिंती पातळ राहिल्यामुळे त्यांना उसळी नसते, त्यांच्या बारीक गाठी होतात, आणि अशी गादी पहिल्या पावसाळ्यातच बसते.

याहून खालच्या दर्जाचा माल दोन प्रकारचा असतो. सूतगिरणीत कापूस पिंजताना गळून पडलेले आखूड तंतू हा एक. त्यात धूळ व सरकीच्या सालीचे काळे कण पुष्कळ असले तरी तो निदान कापूस असतो. दुसरा प्रकार चिंध्यांचा: शिंप्यांकडचे व कापड कारखान्यांतले तुकडे यंत्रात फाडून त्यांचा लगदा भरला जातो, आणि रुईत अधूनमधून लाल-निळे धागे चमकले की त्याचे मूळ ओळखू येते. काही दुकानांत चांगली रुई केवळ वरच्या व खालच्या थरात पसरून मध्ये चिंध्या भरण्याची युक्ती चालते, म्हणून गादी समोर उभे राहून भरून घेण्याची जुन्या घरांतली पद्धत निव्वळ संशयखोरपणाची म्हणता येत नाही. तयार गादीबाबत शंका असल्यास कोपऱ्याची शिवण बोटभर उसवून आतला पुंजका ओढून घ्यावा व तो मोकळ्या जागी चिमट्यात धरून जाळावा. कापूस कागदासारखा जळतो, जळक्या कागदासारखाच वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी करडी राख राहते. पॉलिएस्टर वितळून आखडते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. पक्व रुईची दुसरी खूण हाताची आहे: मूठभर रुई घट्ट दाबून सोडली असता ती सावकाश पण पूर्ण फुलली पाहिजे. कारागीर हे क्षणात करतो आणि बहुधा त्याबद्दल बोलत नाही.

भरण झाल्यावर दाभणाने, म्हणजे जाड लांब सुईने, आरपार टाके घालतात, ते शोभेसाठी नसून रुई सरकू नये म्हणून असतात. दोरा गादीपाट कापू नये यासाठी प्रत्येक टाक्याखाली सुताचा छोटा गोंडा किंवा कापडाची चकती ठेवली जाते. टाके फार आवळले तर गादीवर खळगे पडतात आणि फार विरळ घातले तर वर्षभरात रुई पायथ्याशी गोळा होते. गादीपाट निवडताना विणीची घट्टी प्रकाशासमोर धरून पाहावी, कारण विरळ कापडातून तंतू बाहेर डोकावू लागले की गादी कितीही चांगली भरलेली असली तरी लवकरच पांढरे केस सोडू लागते.

गादी कशावर टाकली जाते, याकडे मात्र खरेदीदाराचे क्वचितच लक्ष जाते. सुंभाची बाज किंवा नवारीचा पलंग, म्हणजे रुंद सुती पट्ट्यांनी विणलेला पलंग, खालून हवा येऊ देतो, म्हणून त्यावरची गादी रात्री घेतलेला ओलावा दिवसा सोडून देते. याउलट प्लायवूडच्या पेटीच्या दिवाणावर किंवा थेट फरशीवर तो ओलावा खालच्या बाजूला साठत राहतो, आणि वर उल्लेखलेले बुरशीचे ठिपके बहुतेक अशाच गाद्यांत सापडतात. कोकणात आणि गोव्यात आषाढ-श्रावणात हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत दहा किलोची गादी देशावरच्या कोरड्या दिवसांपेक्षा अर्धा किलो किंवा त्याहून अधिक पाणी सहज धरते, आणि ते पाणी उडवायला ऊन नसते. त्या प्रदेशात जाड कापसाच्या गादीचा हट्ट न धरता काथ्याचा विचार करणे शहाणपणाचे ठरते. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणातला तंतू. त्यात लिग्निन या लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचे प्रमाण मोठे असल्याने तो ओलाव्यात लवकर कुजत नाही आणि त्याच्या राठ, मोकळ्या रचनेतून हवा खेळते. बाजारात मिळणारी काथ्याची गादी बहुधा पिळा दिलेल्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, तापवून घट्ट केलेली असते. ती कडक, थंड आणि पाठीला बरी, पण तिच्यात उसवण्याजोगे काही नसते: रबर सुकून तंतू चुरू लागले की गादी पूर्णपणे टाकूनच द्यावी लागते. नैसर्गिक असणे आणि दुरुस्त होणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि विक्रेता बहुधा पहिल्याविषयीच बोलतो.

उशीसाठी सावरीच्या कापसाला तोड नाही, असे जुने लोक म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटतात व त्यातून रेशमासारखा चकाकणारा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. याचा तंतू गुळगुळीत, आतून पोकळ आणि मेणासारख्या थराने झाकलेला असतो. म्हणून तो सहजासहजी कातता येत नाही, पाणी शोषत नाही, आणि त्याच्याच जातकुळीतल्या पांढऱ्या सावरीचा कापूस एकेकाळी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरला जात असे. सावरीची उशी भरणे हे बंद खोलीत, पंखा लावून न ठेवता करायचे काम आहे, नाहीतर अर्धा माल छताला जाऊन लागतो. ही उशी कधीही पिंजायला देऊ नये. हा तंतू ठिसूळ असल्याने यंत्रात त्याचे पीठ होते. तिला ऊन दाखवून हाताने फुलवणे एवढीच तिची निगा, आणि काही वर्षांनी ती आपोआप धूळ होऊ लागली की नवा कापूस भरावा.

चादरी व अभ्रे यांच्याबाबत फार बोलण्यासारखे नाही. एका चौरस इंचात किती धागे, या आकड्याला हल्ली अवास्तव महत्त्व दिले जाते. दोन-तीन पदरी सूत वापरून प्रत्येक पदर वेगळा मोजला की हा आकडा हवा तेवढा फुगवता येतो. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात साधी, सरळ विणीची, मध्यम जाडीची सुती चादर अंगाला अधिक सुखावते. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, त्यामुळे खोळ किंवा अभ्रा शिवण्यापूर्वी मांजरपाट रात्रभर भिजवून वाळवून घेणे श्रेयस्कर. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंना नक्षी उमटणारी सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळालेली असून ती वर्षानुवर्षे धुणे सोसते, कारण कापूस ओला असताना अधिक मजबूत होतो आणि सोड्यासारख्या अल्कलीने त्याचे फारसे बिघडत नाही. परीट पूर्वी भट्टीत सोडा घालून कपडे उकळत, ते याच बळावर.

लोकरीला हे सारे नियम उलटे लागू पडतात. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या जाडसर लोकरीची घोंगडी विणली जाते आणि विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ दिली जाते. लोकर हे प्रथिन असल्याने सोड्याने ते विरघळू लागते, आणि तंतूवरचे खवले गरम पाण्यात घासले गेले की एकमेकांत अडकून घोंगडी आटते व कडक होते. म्हणून ती वारंवार धुवू नये. धुवायचीच झाली तर थंड पाण्यात रिठ्याने, न चोळता, न पिळता धुवावी आणि सावलीत आडवी वाळवावी. घोंगडीचा खरा शत्रू कसर ही कीड असून ती घामट, न झटकलेल्या, अंधारात घडी घालून ठेवलेल्या लोकरीत वाढते. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला तिला दूर ठेवायला मदत करतात, पण दर महिन्या-दोन महिन्यांनी घडी उलगडून झटकणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

गोधडी किंवा वाकळ पिंजता येत नाही, पण तिची दुरुस्ती वेगळ्या मार्गाने होते. जुनी नऊवारी लुगडी थरावर थर ठेवून, धावदोऱ्याने जवळजवळ टाके घालून शिवलेल्या या पांघरुणावर वरचा थर विरला की नवे जुनेर चढवतात. तिच्या धुण्याचा काळ घरोघर ठरलेला असे: नवरात्र बसण्यापूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याला ग्रामीण भागात दसरा काढणे म्हणतात. या वेळेमागे व्यवहार आहे. पाऊस ओसरलेला असतो, नदीला पाणी असते, आणि भिजून मणभर झालेली गोधडी वाळवायला लागणारे कडक ऊन नुकतेच पडू लागलेले असते. आजच्या धुलाई यंत्रात गोधडी घालण्याचा मोह टाळावा, कारण पिळणीच्या झटक्यात टाके तुटतात आणि ओल्या गोधडीच्या वजनाने यंत्रही बिघडते.

या साऱ्या निगेचा भार ज्या माणसांवर पडतो त्यांच्या प्रकृतीची नोंद या विषयावरच्या लिखाणात सहसा येत नाही. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा श्वसनाचा आजार होऊ शकतो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छातीत घट्टपणा येणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. पिंजण्याच्या दुकानात नाकाला फडके बांधलेले असते, पण सुती फडक्याने बारीक धूळ अडत नाही, आणि गिऱ्हाईक उभे असताना खोकला दाबून काम चालू ठेवण्याची सवय अनेकांना लागलेली असते. या कारागिरांच्या मुलांनी दुसरा धंदा पत्करला तर त्याला परंपरेची हानी म्हणून हळहळण्याचा अधिकार, ज्यांनी त्यांना कधी योग्य मजुरी दिली नाही, अशांना तरी नसावा.

पिंजणारे कारागीर असे कमी होत गेल्याचा परिणाम गादीच्या निवडीवर होतो आहे. जाड, दहा किलोची गादी घेणे तेव्हाच सार्थ ठरते, जेव्हा ती पिंजून देणारा कोणी हाताशी असतो आणि तिला गच्चीवर नेणारे घरात दोघे असतात. तालुक्याच्या गावांतही पिंजणारे दुकान शोधावे लागते, आणि शहरातल्या सदनिकांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ओली-जड गादी उचलताच येत नाही. अशा घरांसाठी एका जाड गादीऐवजी चार-साडेचार किलोच्या दोन पातळ गाद्या भरून एकावर एक टाकणे व्यवहार्य ठरते. त्यांची अदलाबदल करता येते, एकट्याने त्या कठड्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर उन्हात टाकता येतात, आणि एका बाजूची शिवण टिपेने पक्की न करता सुटणाऱ्या धाग्याने घातली, तर पिंजारी न मिळाल्यास घरच्या घरी रुई काढून, हाताने सोडवून पुन्हा भरता येते. असे हाताने सोडवणे पिंजण्याइतके चांगले होत नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी केले तर पापुद्रे घट्ट होण्याआधीच रुई मोकळी होते.